नवा गुडघा, घरचा फोन

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

स्वयंपाकघरातलं आवरून बसला असाल, नाहीतर काम करता करता ऐकत असाल. हातातलं काम सोडू नका, फक्त कान इकडे द्या. आज गुडघ्यांबद्दल बोलायचं आहे, आणि त्याबरोबर फोनबद्दलही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं वाटेल. तेच आज सांगणार आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बायकांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. आपल्याकडे या ऑपरेशनला 'वाट्या बदलल्या' म्हणतात. खरं तर नुसती वाटी बदलत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक झिजलेलं असतं. ते थोडं कापून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये एका खास प्लास्टिकची चकती ठेवतात. हाड हाडावर घासणं थांबतं आणि दुखणं कमी होतं.

तुमच्यातल्या वयाने मोठ्या असणाऱ्यांना आठवत असेल. ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झालं. त्यासाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा गुडघाही झाला. तेव्हा रोज पेपरात बातमी यायची आणि हे मोठ्या माणसांचं ऑपरेशन आहे असं लोकांना वाटायचं. आता तसं राहिलं नाही. तालुक्याच्या गावातून, वाडीवस्तीवरून बायका ऑपरेशनला जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, वर कर वेगळा. त्याआधी हाच सांधा लाखाच्या वर जायचा. ही किंमत फक्त सांध्याची आहे, पूर्ण ऑपरेशनची नाही. म्हणून बिलात सांध्याचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागायची.

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशन साधारण दीड-दोन तासांचं असतं. काही दिवसांनी घरी सोडतात. त्यानंतरचे सहा आठवडे, तीन महिने जे काही घडतं ते घरी घडतं. तिथे डॉक्टर नसतात, सिस्टर नसतात, मीही नसते. आणि गुडघा चांगला होणार की आखडणार हे बरंचसं त्याच दिवसांत ठरतं.

गुडघा वाकण्याचं माप आम्ही अंशात घेतो. पाय पूर्ण सरळ असेल तर शून्य, काटकोनात वाकला तर ९०. सपाट जमिनीवर नीट चालायला साधारण ६५ ते ७० अंश लागतात. जिना चढायला ८५-९०च्या आसपास. खुर्चीतून हात न टेकता उठायचं तर ९५ ते १०५. नुसतं वाकून भागत नाही, पाय पूर्ण सरळही व्हावा लागतो. गुडघा थोडा वाकडाच राहिला तर माणूस लंगडतो, आणि मग कंबर धरते. बऱ्याच बायका दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहतात. बरं वाटतं, पण गुडघा तसाच वाकलेला आखडतो. उशी गुडघ्याखाली नको. टॉवेलची गुंडाळी करायची तर टाचेखाली.

हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी आम्ही सांगतो. पण त्या दिवशी घरी जायची घाई असते, बिलाची धावपळ असते, गाडी बाहेर उभी असते. दहा सूचनांपैकी घरी पोचेपर्यंत तीन आठवतात. इथे फोन उपयोगी पडतो.

फोन काय काय करू शकतो, ते एकेक करून बघू.

पहिलं काम, लक्षात ठेवणं. फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवत असतील तेव्हा त्यांना विचारून व्हिडिओ काढून घ्या, तोही तुमचाच, तुम्ही व्यायाम करत असतानाचा. मोबाईलवर गुडघ्याच्या व्यायामाचे शेकडो व्हिडिओ सापडतात, पण ते तुमच्यासाठी केलेले नसतात. कुणाचा गुडघा किती दिवसांचा, कुणाला साखर, कुणाची हाडं ठिसूळ, हे त्या व्हिडिओला माहीत नसतं. घोटा वर-खाली हलवणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं, पाय सरळ ठेवून उचलणं हे नेहमीचे व्यायाम आहेत. पण कोणता कधी सुरू करायचा आणि किती वेळा, हे तुमच्या माणसाने सांगितलं तेच धरायचं. त्याच फोनवर गोळ्यांचा गजर लावा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही दिवस गोळी किंवा इंजेक्शन देतात, ते अजिबात चुकवायचं नाही.

दुसरं काम, माप दाखवणं. गुडघा किती वाकतो हे मला फोटोवरून बऱ्यापैकी कळतं, मात्र फोटो नीट काढलेला हवा. खुर्चीवर बसा. फोन बाजूने धरायचा, गुडघ्याच्या उंचीवर. वरून नाही, समोरून नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय दिसला पाहिजे. एक फोटो पाय जमेल तितका वाकवून, दुसरा जमेल तितका सरळ करून. दर आठवड्याला त्याच खुर्चीवर, त्याच बाजूने. चार आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की गुडघा पुढे जातोय की अडकलाय ते समजतं. कोन मोजणारी ॲप आहेत, पायाला पट्टा बांधून हालचाल मोजणारी उपकरणंही आहेत. ती असली तर वापरा. नसली म्हणून काही अडत नाही.

तिसरं काम, जखम दाखवणं. टाक्यांचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, बल्बच्या पिवळ्या उजेडात नको. पिवळ्या उजेडात लाली कळत नाही. एक फोटो जवळून, एक पूर्ण गुडघा दिसेल असा लांबून. सोबत दोन ओळी लिहा किंवा बोलून पाठवा. ताप आहे का, पाणी येतंय का, कालपेक्षा जास्त की कमी.

चौथं काम, समोरासमोर बोलणं, म्हणजे व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घेणं. असं केल्याने खरंच गुण येतो का, असं मला बायका विचारतात. यावर नीट अभ्यास झालेले आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अंतरं मोठी आणि हिवाळा कडक. तिथे गुडघा बदललेल्या २०५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट जायचे, दुसऱ्या गटाला तेच फिजिओथेरपी व्हिडिओवरून मिळायची. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. व्हिडिओवाला गट मागे पडला नव्हता. अमेरिकेतही तसाच एक अभ्यास झाला आणि २०२० मध्ये छापून आला. तिथे पडद्यावरचं एक चित्र व्यायाम करून घ्यायचं आणि मागे खऱ्या फिजिओथेरपिस्ट लक्ष ठेवून असायच्या. तिथेही रुग्ण नेहमीच्या उपचारांइतकेच बरे झाले आणि खर्च कमी आला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही ठिकाणी यंत्राच्या मागे माणूस होता. कुणीतरी बघत होतं, चुकलं तर सांगत होतं. नुसतं ॲप उतरवून घेतलं आणि ते फोनमध्ये पडून राहिलं, तर गुडघा वाकत नाही.

आता तर सांध्यातच यंत्र बसवायला सुरुवात झाली आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये पर्सोना आयक्यू नावाच्या गुडघ्याला परवानगी मिळाली. त्याच्या नडगीत जाणाऱ्या दांड्यात एक बारीक यंत्र आहे. रुग्ण किती पावलं चालला, किती वेगाने चालला, हे ते आतून नोंदवतं. ऐकायला नवल वाटतं. पण जखमेत पू झाला आहे की नाही, हे ते सांगत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

पावलांवरून आठवलं. फोनमध्ये पावलं मोजायची सोय असते. माझ्याकडच्या एका मावशींना नातवाने ती लावून दिली. तिसऱ्याच आठवड्यात मावशी अंगणात फेऱ्या मारत सुटल्या, कारण आकडा वाढला की नातू टाळ्या वाजवायचा. चौथ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. नव्या गुडघ्याला चालणं हवं, पण थोडं थोडं, मध्ये विश्रांती घेत. संध्याकाळी सूज वाढली आणि रात्रभरात उतरली नाही, तर आज जास्त झालं असं समजायचं आणि उद्या कमी करायचं. फोनचा आकडा आणि गुडघा यांचं पटलं नाही, तर गुडघ्याचं ऐकायचं.

आता फोन काय करू शकत नाही ते ऐका. हे नीट लक्षात ठेवा आणि घरच्यांनाही सांगा.

फोन हात लावून बघू शकत नाही. पोटरी एकाएकी सुजली, दाबल्यावर दुखते, गरम लागते, तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकदम धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर ती गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. तेव्हा व्हॉट्सॲप नाही, थेट १०८ लावा. ताप चढतोय, जखमेतून पाणी किंवा पू येतोय, लाली पसरतेय, बरा होत आलेला गुडघा पुन्हा ठणकायला लागलाय, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. मेडिकलवाल्याने दिल्या तरी नको. गोळ्यांनी वरची लक्षणं झाकतात आणि आतला संसर्ग सांध्यापर्यंत जातो.

मैत्रिणींनो, आतापर्यंत मी 'तुमचा फोन, तुमचा फोन' म्हणते आहे. पण फोन खरंच तुमचा आहे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९ ते २०२१ची पाहणी सांगते की देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाईल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्यांकडे नव्हता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया होत्या तीनात एक. ही पाहणी ५० वर्षांच्या आतल्या बायकांची. गुडघे बदलायची वेळ येते ती साठीच्या आसपास. त्या वयाच्या बायकांचं काय असेल ते तुम्हीच बघा. दवाखान्याच्या कागदावर नंबर मुलाचा असतो. व्यायामाची आठवण मुलाच्या फोनवर वाजते, आणि मुलगा तेव्हा कामावर असतो. मी व्हिडिओ कॉल लावते तेव्हा उत्तर येतं, 'मॅडम, मी बाहेर आहे, आई घरी आहे.'

म्हणून ऑपरेशनच्या आधीच घरात बसून ठरवा. दिवसातून दोन वेळा, वीस-वीस मिनिटं, फोन आईजवळ राहील. वेळ ठरलेली. सून असो, मुलगी असो, नातू असो, फोन लावून देणारं एक माणूस ठरलेलं. दवाखान्यात दोन नंबर द्या, एक मुलाचा आणि एक जो दिवसा तुमच्याजवळ असतो त्याचा. वाचता येत नसेल तर सांगा, 'मला बोलून पाठवा.' आम्हाला ते सोपंच आहे. साधा बटणांचा फोन असला तरी गजर लागतो आणि फोनवर बोलताही येतं. बाकी भिंतीवर कॅलेंडर आहेच. व्यायाम झाला की तारखेवर खूण करा. आठवड्याच्या शेवटी कॅलेंडरचा एक फोटो मला पाठवला तरी मला पुरेसं कळतं.

घरात स्मार्टफोनच नसेल तर गावातलं आरोग्य उपकेंद्र आहे, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी सेवेतून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून देतात. त्याला पैसे पडत नाहीत. तुमच्या आशाताईंना विचारा.

दुसरी गोष्ट लाजेची. गुडघा दाखवायचा म्हणजे साडी मांडीपर्यंत वर घ्यावी लागते. दवाखान्यात पडदा असतो. घरी मुलगा फोन धरून उभा असतो आणि पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही. म्हणून कितीतरी बायका कॉलच घेत नाहीत, 'रेंज नाही' म्हणून सांगतात. मला ते कळतं. सैल गाऊन घाला, नाहीतर सैल पायाची सलवार, जी गुडघ्यावर सरकते. वर ओढणी घ्या. बाई फिजिओथेरपिस्ट हव्यात असं आधीच सांगा. पलीकडे आणखी कोण आहे ते विचारा आणि कॉल रेकॉर्ड होतोय का तेही विचारा. डॉक्टरांनी फोनवरून कसं तपासावं याची सरकारी नियमावली २५ मार्च २०२० पासून आहे. त्यात डॉक्टरने आपली ओळख सांगायची असते आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. तेव्हा 'आपण कोण बोलताय' असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही. आणि पायाचे फोटो फक्त डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला पाठवा, नातेवाईकांच्या ग्रुपवर नको. काम झालं की फोनमधून काढून टाका.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आभा म्हणजे १४ आकड्यांचा आरोग्य क्रमांक. त्यावर तुमचे रिपोर्ट जोडता येतात, म्हणजे फाईल घेऊन फिरावं लागत नाही. त्याने उपचार फुकट होत नाहीत. आयुष्मान कार्ड ही विमा योजना आहे, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतची. तुमचं ऑपरेशन तिच्यात किंवा महात्मा फुले योजनेत कोणत्या रुग्णालयात बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा. यातल्या कशासाठीही कुणी फोन करून ओटीपी मागितला, 'कार्ड बंद होईल' म्हणून घाबरवलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आता डिस्चार्जच्या दिवशी विचारायचे प्रश्न सांगते. कागद-पेन्सिल घ्या.

एक, अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि रात्री कोणत्या?
दोन, व्यायाम कोणते, किती वेळा? व्हिडिओ काढू का?
तीन, गुठळीची गोळी किंवा इंजेक्शन किती दिवस?
चार, टाके कधी काढायचे, पाणी कधी लागलं तर चालेल?
पाच, व्हिडिओवरून व्यायाम घेणार असाल तर बघणारं माणूस कोण, आणि पैसे किती?
सहा, सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर फाईलला लावलेत ना? त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी तो सांधा दुरुस्त करायची वेळ आली तर कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा बसवला आहे, ते त्यावरून कळतं.

घरी येण्याआधी कमोडची खुर्ची आणून ठेवा, वाटेतली पायपुसणी उचलून ठेवा, उंच खुर्ची बाहेर काढा. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. म्हणजे खाली बसून भाकऱ्या करणंही नाही आणि खुरपणीही नाही. ओट्याशी उभं राहून काम करणंसुद्धा आधी पाच-दहा मिनिटंच.

शेवटी घरातल्या बाकीच्यांशी बोलते. बाई घरी आली, चार पावलं चालली, की सगळ्यांना वाटतं बरी झाली. आठ दिवसांत चहा मागायला लागतात. तिलाही पडून राहायची लाज वाटते. ती उठते, कामाला लागते आणि व्यायाम राहून जातो, कारण व्यायाम हे काम आहे असं कुणी मानत नाही. सहा महिन्यांनी म्हणतात, 'एवढे पैसे घातले, पण गुडघा काही वाकत नाही.' गुडघा वाकायला दिवसातून दोनदा तिला तिची वीस मिनिटं लागतात. त्या वेळात चहा दुसऱ्याने करायचा, दार दुसऱ्याने उघडायचं, आणि घरात एकच फोन असेल तर तो तिच्या हातात द्यायचा. ऑपरेशनला खर्च केलेल्या पैशांचं चीज त्या वीस मिनिटांनीच होतं.

आणि मैत्रिणींनो, कुणी देत नसेल तर मागून घ्या. 'डॉक्टरांनी सांगितलंय' असं म्हणा. डॉक्टरांनी खरंच सांगितलेलं असतं.

काही विचारायचं असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, पुढच्या भाषणात उत्तर देईन. गुडघे जपा. नमस्कार.